आलं का?

सोलर धुऊन झालं मंगळवारी.
दस्तगीर मुलाणीनं वरून अ‍ॅसिड सोडलं,
नळ्यांना फेस आला,
आणि पन्हाळीतून खाली पडला बारा वर्षांचा क्षार,
खोबऱ्याच्या वाटीच्या कपच्या असाव्यात तसा,
एका बाजूनं खरबरीत, एका बाजूनं गुळगुळीत.
एक कपची मी तुळशीपाशी ठेवली. का, ते विचारू नका.

बुधवारी तोटी सोडली.
नळ खाकरला, दोन थेंब थुंकला,
गप्प.

वर मात्र धो धो.
डक्टमधला आवाज मला पाठ आहे:
हेमलता वहिनींची बादली आधी ठणठणते,
भरत आली की सूर चढत जातो,
मग तांब्या.

शाहूनगरातला डिसेंबर. किल्ल्यावरून उतरलेला वारा
मोरीच्या खिडकीत येऊन बसतो.
मी जाळी काढून झटकली, साखरेएवढी खडी निघाली.
व्हॉल्व पूर्ण उघडाच होता.
मागच्या बोळात शिडी लावून पाईपवर हात फिरवत गेले,
ताप बघतात तसा:
वहिनींच्या मजल्याला चटका,
एल्बोला कोमट,
माझ्या भिंतीत शिरताना गार.

"हवा धरलीय लायनीत," दस्तगीर फोनवर.
"साफ केलं की धरतीच, ताई.
खालनं उलटं पाणी मारा, वरचा नळ सोडून ठेवा,
हवेला वाट नको का?
दोघी लागतील. एकटीचं काम न्हाई ते."

दोघी.
वाटणीत गच्ची त्यांना गेली, सोलर सामाईक राहिलं.
दोन वर्षं आम्ही बोलतो
लाईटबिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं:
'निम्मे ६४२.'
'धुण्याचे निम्मे ९००. सुटे द्यावेत.'

गुरुवारी अंघोळीला गॅसवरचं पातेलं.
शुक्रवारीही.
शनिवारी स्टुलावर चढले,
खिडकीची काच सरकवून डक्टमध्ये तोंड घातलं.
"वहिनी, गरमचा नळ सोडता का जरा?"

पारवा फडफडला.
बराच वेळ काही नाही.
मग वर कुठंतरी चाकी करकरली.

मी दोन तोट्यांत वॉशिंग मशीनची नळी जोडली,
क्लिपा आवळल्या, गारचा नळ सोडला.
भिंतीच्या पोटात गुडगुड.
"आलं का?" वरून.
"नाही अजून."
"इकडं नळ शिंकतोय."
"शिंकू दे."
"अगं, माझं सगळं पातळ भिजलं!"
आणि एक आवाज आला, पाण्याचा नव्हता तो.
हसल्या असाव्यात. मी स्टुलाला धरून उभी.
"आलं का?"

नळी काढली. आधी तांबूस आलं,
मग दुधासारखं,
मग बांगडी तापली.
"आलं," मी म्हटलं.
वर नळ बंद झाला. काच सरकली.

सोमवारी बोळात ओल.
दस्तगीरनं बोट लावून बघितलं, चाटलंसुद्धा.
"क्षारानंच धरलं होतं हे जॉइंट.
धुतल्यावर उघडं पडलं. ऐतवारी येतो."
तीन ऐतवार गेले.
खाली श्रीखंडाचा डबा ठेवलाय,
रात्री भरतो, सकाळी मी तुळशीला घालते.
एकदा मी उठायच्या आत कुणीतरी रिकामा करून ठेवला होता,
पालथा, पुसून.

आज सकाळी पावणेसात.
तोटी सोडल्याबरोबर कढत धार,
आरसा धुरकटला.
वर बादली वाजली नाही, तांब्या नाही,
नुसती काच सरकल्याचा आवाज, आणि
"आलं का गं?"

हात धारेखालीच होता, बोटं लाल झालेली.
"नाही अजून," म्हटलं.